बारावीतली प्रवेश परीक्षा : केव्हा द्यावी?

गेल्या हंगामात शेतकी ऑफिसच्या ओट्यावर मुरुमचे एक सभासद भेटले. खोडव्याची तोड कधी येणार, हे विचारायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, "गुरुजी, पोरगी बारावीला हाय. जानेवारीतली ती जेईई द्यावी का नको? बोर्डाचा अभ्यास बुडतो म्हनत्यात."

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून येथे लिहितो.

जेईई मेन सध्या जानेवारी व एप्रिल अशी दोनदा होते. दोन्ही वेळा दिली तर जी चांगली ती धरतात. ऊस कोवळा तोडला की उतारा गेला तो गेला. इथे तसे नाही. म्हणून मी सांगितले, बसू द्या. संगणकासमोर तीन तास बसण्याची भीती तरी मोडेल. मात्र तिच्यापायी बारावीचा अभ्यास बाजूला पडू नये. एनआयटीत जायचे तर बारावीला साधारण 75 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 65. काही पालक मुलाला अकरावीतच बसवू पाहतात. तसे बसता येत नाही.

डॉक्टरकीच्या 'नीट'चे गणित वेगळे. ती वर्षातून एकदाच, मे महिन्यात. 720 गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. इथे रंगीत तालीम नाही. थोडक्यात हुकले तर एक वर्ष पुन्हा द्यावे; पण लातूरची खोली, मेस आणि क्लासची फी उसाच्या बिलातूनच जाते, हे मुलासमोर मोकळेपणी बोलावे. दुसऱ्यांदा थांबण्याच्या मी विरुद्ध आहे. मराठवाड्यासाठीचे 70:30 चे सूत्रही 2020 साली गेले.

राज्याची सीईटी मात्र प्रत्येकाने द्यावीच. इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतकीची पदवी, सगळ्यांना ती चालते. सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीचे असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये.

खरी गफलत तारखांपेक्षा कागदांत होते. फॉर्म निघतात ते ऐन तोडणीच्या धामधुमीत; घरात टोळीची वाट पाहायची की दाखले काढायचे? आम्ही पुतण्याच्या जातवैधतेचा अर्ज निकालानंतर केला. गुण होते, राखीव जागा गेली. चूक आमचीच. हा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करावा.

त्या सभासदांच्या मुलीने जानेवारीत परीक्षा दिली. गुण बेताचेच पडले, एप्रिलमध्ये बरेच सुधारले. पहिल्या पेपरच्याच दिवशी टोळी फडात आली. आई तिला घेऊन लातूरला गेली, आणि वडील कोयत्यांमागे उभे राहिले.