सिल्वासा : एका दिवसाचा प्रवास, एक पंगत

गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांना मुंबईच्या गाडीचा प्रवास नवा नाही. लग्नकार्य, बारसे, दिवाळीची सुट्टी अशा निमित्तांनी बडोद्याहून निघालेली आपली मंडळी वापीवरून कितीदा तरी गेलेली असतात. पण वापीला उतरावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कारखान्यांचे गाव एवढीच त्याची ख्याती. परंतु याच स्थानकापासून सुमारे अठरा किलोमीटरांवर सिल्वासा आहे, आणि दादरा व नगर हवेली या चिमुकल्या प्रदेशाशी मराठी माणसाचे नाते दोनशे वर्षांहून जुने आहे. श्रावणातल्या एका दिवशी पहाटे निघून रात्री परत, असा हा प्रवास आम्ही केला. त्याचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बडोदे ते वापी हे अंतर सुमारे २२० किलोमीटरांचे. पावसाळ्यात ही वाट म्हणजे नद्यांची माळच होय. भरूचला दुथडी भरलेली नर्मदा आणि शेजारी १८८१ साली बांधून झालेला जुना लोखंडी ‘गोल्डन ब्रिज’. सुरतेला तापी, नवसारीला पूर्णा, बिलिमोऱ्याला अंबिका, वलसाडला औरंगा, पारडीला पार. बिलिमोरा येताच डांगच्या जंगलाकडे वघईपर्यंत जाणाऱ्या अरुंद मापाच्या रुळांची आठवण होते. गायकवाड सरकारच्या रेल्वेने घातलेला तो ६३ किलोमीटरांचा फाटा बडोदेकरांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

भरूचची खारी शेंग आणि घरच्या दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, लिंबाचे लोणचे अशी आमची शिदोरी होती. जपानात या शिदोरीला रेल्वेनेच मानाचे स्थान दिले आहे. ‘एकिबेन’ म्हणजे स्थानकावर मिळणारा जेवणाचा डबा. १८८५ साली उत्सुनोमिया स्थानकावर बांबूच्या पानात बांधलेल्या भाताच्या मुटक्यांनी त्याचा आरंभ झाला, असे सांगतात. आज तेथे ज्या स्थानकाचा डबा, त्या मुलखाचा जिन्नस, अशी रीत आहे. जपानचे नाव येथे उगाच काढले नाही. वाटेत अधूनमधून मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे बांधकाम दृष्टीस पडते, ते जपानी तंत्राच्या साहाय्याने होत आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमती येथे या कामाची कोनशिला बसली. एकूण ५०८ किलोमीटरांपैकी अवघे चार-साडेचार किलोमीटर दादरा व नगर हवेलीतून जातात, आणि वापीला तिचे स्थानक योजिलेले आहे.

वापीहून सिल्वाशाच्या रस्त्यावर प्रथम दादरा लागते. येथल्या वनगंगा तलावाच्या मध्यभागी बेटावर बाग असून जपानी धर्तीच्या लाकडी पुलांवरून तेथे जाता येते. हिंदी चित्रपटांतील गाण्यांमुळे ही जागा अनेकांना न जाता परिचित झालेली असते. पावसाची भुरभुर, पाण्यावर वाकलेली झाडे आणि पुलाच्या कमानी पाहून मुले हरखून गेली.

पण दादऱ्याची खरी ओळख निराळी आहे. १७७९च्या तहान्वये पुण्याच्या पेशवे दरबाराने वार्षिक बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना देऊ केली. मराठी आरमाराने त्यांच्या जहाजाचे केलेले नुकसान भरून देणे हे त्याचे एक कारण होते. त्यानुसार १७८३ साली नगर हवेली त्यांच्या हाती गेली, पुढे दादराही गेले. म्हणजे हा मुलूख दिला तो मराठ्यांनी, आणि परत मिळविण्यातही मराठी तरुण आघाडीवर होते. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले, त्यानंतर नरोली, आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा. त्या स्वयंसेवकांत संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. लता मंगेशकरांनी या कार्याच्या मदतीसाठी पुण्यात गायन केले होते. पोर्तुगालने दमणहून येथे येण्याच्या हक्कासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १९६० साली निकाल लागला, पण गेलेला मुलूख त्यांच्या हाती परत आला नाही. १९६१ साली हा प्रदेश रीतसर भारतात विलीन झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

सिल्वासा गाव आता कारखान्यांनी आणि नव्या इमारतींनी गजबजले आहे. जुन्या चर्चची शांत वास्तू आणि आदिवासी जीवनाचे छोटे संग्रहालय पाहून आम्ही न्याहारीसाठी एका हॉटेलात शिरलो. पदार्थांची यादी लांबलचक होती. उत्तरेचे, दक्षिणेचे, चिनीसुद्धा. नाचणीची भाकरी मात्र तीत नव्हती. वाढणारा तरुण वारली होता. आम्ही विचारल्यावर तो हसून म्हणाला, “ती घरी रोज असते, इथं कोण मागणार?”

ते उत्तर मनात घोळवीतच आम्ही वीसेक किलोमीटरांवरील खानवेलची वाट धरली. शहर मागे पडताच साग, हिरवी भातखाचरे आणि कौलारू घरे सुरू होतात. तेथील एका वारली घरी परिचितांमार्फत आधी निरोप धाडून ठेवला होता. सारवलेल्या ओटीवर पंगत मांडली. पानांत नाचणीची गरम भाकरी, उडदाचे घट्ट वरण, बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी, करटोली, खुरासणीची चटणी आणि नव्या हिरव्या मिरचीचा ठेचा, एवढेच वाढले होते. कोंब बारीक चिरून, उकडून, त्यांचे कडू पाणी टाकून मगच शिजवावे लागतात. घरच्या आजींनी ती कृती आमच्या मंडळींना सावकाश समजावून दिली. त्यांची बोली कानाला इतकी जवळची, की दुभाष्याची गरज पडली नाही. भाकरी मोडताना आजी म्हणाल्या, “नाचणी खाल्ली की दिवसभर नांगर चालतो.” जेवणाअखेर वाफाळता कोरा चहा आला.

जपानच्या डोंगराळ भागांत उन्हाळ्याच्या झऱ्यांकाठी ‘र्योकान’ नावाची जुन्या धाटणीची अतिथिगृहे असतात. पाहुणा आगगाडीने येतो, गरम पाण्यात स्नान करतो आणि रात्री लहान लहान वाट्यांतून जेवतो. त्या जेवणाला ‘काइसेकी’ म्हणतात. त्याची थोरवी त्या ऋतूत, त्या मातीत जे पिकते तेच वाढण्यात आहे. डोंगरातले कोंब आणि रानभाज्या तेथे सन्मानाने पानात येतात. आमची खानवेलची पंगत त्याच तत्त्वाची होती. फरक एवढाच, की तेथे तिला मोल आहे आणि येथे तीच ‘गरिबाचे अन्न’ म्हणून यादीबाहेर राहते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेल्या वारली चित्रांचे असेच झाले होते. आज जपानमधील तोकामाची येथे, तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली स्थापिलेल्या मिथिला संग्रहालयात ती चित्रे जतन केलेली आहेत.

प्रश्न केवळ जिभेचा नाही. दमणगंगेवरील मधुबन धरणाने येथल्या काही आदिवासींची जमीन पाण्याखाली गेली, तर कारखान्यांनी शेतीवरच्या तरुणांना पाळीवर नेले. नाचणी पिकविणारी शेते आणि रानभाज्यांची ओळख असलेली माणसे दोन्ही कमी होऊ लागली, तर पंगत कोठून मांडणार? अतिजलद गाडी सुरू झाली म्हणजे मोठ्या शहरांतले प्रवासी दोन घटकांत वापीला उतरतील. त्यांच्यासाठी विश्रामधामे उभी राहतील. त्यांच्या पानात या मातीतले काही असेल का, हे पाहुणा काय मागतो यावरही अवलंबून राहील.

म्हणून वाचकांना विनंती की, पुढच्या सुट्टीत एक दिवस सिल्वाशासाठी काढावा. पहाटेची गाडी धरल्यास रात्री घरी परतता येते. वापीला बस व रिक्षा मिळतात. पावसाळ्यात छत्री आणि जाड तळव्याची पादत्राणे हवीत. जेवणाचा निरोप दोन दिवस आधी द्यावा आणि यजमानांना त्यांच्या श्रमांचे योग्य मोल संकोच न करता द्यावे. मुलांना २ ऑगस्टची हकिकत गाडीतच सांगावी, आणि हॉटेलात बसलात तरी नाचणीची भाकरी आहे का, हे आवर्जून विचारावे.