पहिली खेळी

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही सेना अगदी सारख्या असतात. आपल्या सोळा मोहऱ्यांपैकी कोणते प्रथम हलवावे, एवढाच पांढऱ्या बाजूच्या खेळाडूपुढे प्रश्न असतो. त्यासाठी वीस निरनिराळ्या खेळ्या त्याला मोकळ्या आहेत. त्यांतील एकीची निवड करताना तो नकळत आपल्या स्वभावाचाही थोडासा परिचय करून देतो.

राजापुढील प्यादे दोन घरे पुढे सरकले, की वजीर व एक उंट यांच्या वाटा तत्काळ खुल्या होतात आणि पुष्कळदा लवकरच चकमक उडते. साहसी वृत्तीच्या खेळाडूस असा डाव प्रिय वाटतो. वजिरापुढील प्यादे चालविले, तर डाव बहुधा सावकाश रंगतो; तेथे धीराचे मोल अधिक. १९६० साली जगज्जेता झालेला रिगा येथील मिखाईल ताल हल्ल्यासाठी घोडा किंवा उंट बेधडक बळी देई. १९६३ साली जगज्जेता झालेल्या तिग्रान पेत्रोस्यानची रीत निराळी. काळी मोहरी घेऊन खेळताना तो पुष्कळदा फ्रेंच बचाव स्वीकारी. या बचावात आपलाच एक उंट काही काळ कोंडून राहतो; पण तटबंदी भक्कम होते, आणि पेत्रोस्यानला तीच हवी असे.

मात्र खेळाडूची आवड एकदा जगजाहीर झाली, की प्रतिस्पर्धी तिला तोंड देण्याची तयारी करूनच पटावर बसतो. अमेरिकेचा बॉबी फिशर हा राजापुढील प्याद्याचा कट्टर अभिमानी. १९७२ साली आइसलँडमधील रेक्याविक येथे जगज्जेतेपदासाठी त्याची बोरिस स्पास्कीशी गाठ पडली. पहिला डाव फिशर हरला. दुसऱ्या डावाला तो आलाच नाही. तरीही पाचव्या डावाअखेर त्याने बरोबरी साधली.

सहाव्या डावात पांढरी मोहरी फिशरकडे होती. त्याने उचलले ते वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे! पुढे डावाने वजीर-गँबिटचे रूप घेतले. हा प्रकार स्पास्कीच्या चांगला परिचयाचा होता, आणि फिशर तर तो क्वचितच खेळत असे. तरीही फिशरने तो डाव अत्यंत सुरेख रीतीने जिंकला. प्रेक्षकांनी टाळ्यांचा गजर केला आणि पराभूत स्पास्कीनेही त्यात आपल्या टाळ्या मिळविल्या. असा उमदेपणा विरळाच!

आठव्या डावातही फिशरने तेच प्यादे प्रथम चालविले व विजय मिळविला. दहाव्या डावात मात्र तो पुन्हा आपल्या लाडक्या राजापुढील प्याद्याकडे वळला, आणि तोही डाव त्यानेच जिंकला.