ड्रॅगनकडे बघायला वेळ कोणाला?

‘एव्हरक्वेस्ट’ हा ऑनलाइन खेळ १९९९ साली आला, तेव्हा त्यात जादूगार व्हायचं म्हणजे सतत डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची तयारी ठेवावी लागे. चार-सहा मंत्र टाकले की अंगातली शक्ती संपायची. ती परत मिळवायला जमिनीवर बसून मंत्रांची पोथी उघडावी लागे, आणि ती पोथी उघडली की जवळजवळ सगळा स्क्रीन तिच्याच पानांनी भरून जाई. मागून राक्षस येतोय का, सोबती पळाले का, काही दिसत नसे. कानावर पडेल तेवढं ऐकायचं आणि गप्पांच्या चौकटीत कोणी काही लिहितंय का हे बघत बसायचं. पस्तिसावी लेव्हल गाठली की पोथी न उघडता ध्यान लावता येई. तिथवर पोचणं मात्र दिवसांचं नव्हे, आठवड्यांचं काम होतं.

या खेळात सुरुवातीला नकाशाही नव्हता. उत्तर दिशा कुठे आहे हे कळणं हे तलवारबाजीसारखंच शिकण्याचं कौशल्य होतं. नवशिक्यानं दिशा विचारली तर कित्येकदा उत्तरच मिळत नसे, सरावानं ते मिळू लागे. लोक कागदावर नकाशे काढत, एकमेकांना देत, रात्रीच्या जंगलात वाट चुकलेल्या अनोळखी माणसाला गावाच्या वेशीपर्यंत सोडून येत. पोथीत डोकं घालून बसलेल्या जादूगाराच्या पाठीशी कोणीतरी पहारा देत उभं राही. मला या खेळातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. जी माहिती स्क्रीननं दिली नाही, ती माणसांनी एकमेकांना दिली.

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांचा स्क्रीन कसा असावा यावर दोन पंथ आहेत. एकाला स्वच्छ स्क्रीन हवा: समोर डोंगर, आकाश, आपलं पात्र आणि कोपऱ्यात एखादी बारीक रेघ. दुसऱ्याला सगळं हवं: प्रत्येकाच्या जीवाची पट्टी, प्रत्येक मंत्राचा उरलेला वेळ, नकाशा, आकडे, याद्या. वाद आवडीनिवडीचा वाटतो, पण खोलवर पाहिलं की त्याखाली एक नियम सापडतो. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात आणि पुढे ॲपलमध्ये काम केलेले लॅरी टेस्लर हे आपण रोज वापरतो त्या कॉपी-पेस्टच्या जनकांपैकी एक. त्यांचं म्हणणं असं होतं की प्रत्येक कामात एक ठरावीक गुंतागुंत असते, ती नाहीशी करता येत नाही, फक्त इकडून तिकडे हलवता येते. खेळाच्या स्क्रीनवरून एक पट्टी पुसली, तरी जीव किती उरला हा प्रश्न पुसला जात नाही. त्याचं उत्तर आता दुसऱ्या कुणीतरी किंवा कशानंतरी द्यायचं असतं. कोणी द्यायचं, हीच या कलेतली सगळी गंमत.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ चा खेळ यासाठी जवळून पाहण्यासारखा आहे. सुरुवातीच्या काळात त्यातल्या मोठ्या मोहिमा चाळीस जणांनी मिळून करायच्या. ओनिक्सिया नावाची प्रचंड ड्रॅगन गुहेत आग ओकतेय, चाळीस माणसं तिच्याभोवती लढतायत. दृश्य भव्य आहे, पण जखमा भरून काढणारा हीलर ते बघतच नाही. त्याच्या स्क्रीनवर छोट्या पट्ट्यांचं एक जाळं असतं, प्रत्येक पट्टी म्हणजे एक माणूस. पट्टी आखूड झाली की त्यावर क्लिक, मंत्र, लगेच पुढची पट्टी. एक मंत्र टाकला की पुढचा टाकायला साधारण दीड सेकंद थांबावं लागतं, म्हणजे निर्णयही दीड-दीड सेकंदांच्या तुकड्यांत होतात. तास-दोन तास लढून जिंकलेल्या हीलरनं ती ड्रॅगन धडपणे पाहिलेलीच नसते.

याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. डोळ्याला खरोखर तीक्ष्ण दिसतं ते जेमतेम दोन अंशांच्या परिघात, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. बाकीचं सगळं धूसर असतं. मेंदू नजर भराभर फिरवून सगळं स्पष्ट असल्याचा भास निर्माण करतो. पण त्या धूसर भागाला एक गोष्ट छान जमते, हालचाल आणि अचानक झालेला बदल टिपणं. म्हणून जाणते खेळाडू महत्त्वाची चिन्हं आपल्या पात्राच्या अगदी जवळ, स्क्रीनच्या मध्यावर आणतात आणि कडेच्या पट्ट्यांना रंग बदलून लखलखायला लावतात. आकडा वाचायला नजर तिथे न्यावी लागते. लाल झालेली कड न बघताही कळते.

मूळ खेळात हे भान कमी होतं. मोल्टन कोअर या ज्वालामुखीतल्या मोहिमेत बॅरन गेडन नावाचा शत्रू चाळिसांतल्या कोणा एकाला जिवंत बॉम्ब करून टाकायचा. त्या माणसानं काही सेकंदांत बाकीच्यांपासून लांब पळायचं, नाहीतर त्याच्यासकट आजूबाजूचे सगळे जात. त्याला हे कळवणारं चिन्ह होतं स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, इवलंसं. लढताना तिकडे कोणाची नजर जाणार?

इथे खेळाडूंनीच इंटरफेस हातात घेतला. ब्लिझार्ड कंपनीनं खेळाचा दर्शनी भाग लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत उघडा ठेवला होता. रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात १९९३ साली तयार झालेली ही लहानशी भाषा शिकून जगभरच्या हौशी लोकांनी अ‍ॅड-ऑन लिहिले, म्हणजे खेळाला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम. बॉम्ब झालात की स्क्रीनच्या मधोमध मोठ्या अक्षरांत इशारा झळकू लागला. शत्रू कोणावर किती चिडलाय याचे मीटर आले. ‘डिकर्सिव्ह’ नावाच्या अ‍ॅड-ऑननं तर कमाल केली. शाप कोणाला लागलाय हे तोच शोधायचा, उतारा कोणता द्यायचा हे तोच ठरवायचा, माणसानं फक्त एक बटण दाबत राहायचं.

इथे प्रश्न गंभीर झाला. इंटरफेस माहिती दाखवता दाखवता खेळूच लागला होता. डिसेंबर २००६ मधल्या मोठ्या बदलात ब्लिझार्डनं लढाईत असे निर्णय आपोआप घेण्याची वाट बंद केली. पुढे एका अ‍ॅड-ऑननं थेट खेळातल्या जमिनीवरच वर्तुळं काढायला सुरुवात केली, इथे उभे राहा, इथे नको. २०१० साली तोही बंद पाडला गेला. मात्र कंपनीनं खेळाडूंकडून घेतलंही भरपूर. कामगिरी कुठे जाऊन करायची हे नकाशावर दाखवणारा अ‍ॅड-ऑन इतका लोकप्रिय झाला, की २००९ च्या अखेरीस ती सोय खेळातच आली. तेव्हापासून बहुतेक लोक कामगिरीचा मजकूर वाचेनासे झाले आणि खुणेच्या दिशेनं धावू लागले. सोय मोठी होती हे मान्य. पण गावकऱ्यानं सांगितलेल्या वर्णनावरून, जुना पूल ओलांडून डावीकडच्या टेकडीमागची गुहा स्वतः हुडकणं हा खेळाचा गाभा होता, आणि तो एका खुणेनं गिळला याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग चढाओढ लागली. सगळ्यांकडे इशारे देणारे अ‍ॅड-ऑन आहेत म्हटल्यावर त्यांना पुरून उरतील अशा लढाया रचाव्या लागल्या. लढाया अवघड झाल्या म्हणून अ‍ॅड-ऑन आणखी हुशार झाले. अ‍ॅड-ऑनशिवाय येणाऱ्या नव्या माणसाला आत शिरणं कठीण होऊन बसलं. शेवटी २०२५ साली ब्लिझार्डनं जाहीर केलं, की ‘मिडनाइट’ या पुढच्या विस्तारापासून अ‍ॅड-ऑनना लढाईतली माहिती वापरून खेळाडूच्या वतीनं विचार करता येणार नाही. गरजेचं ते खेळच दाखवील आणि लढायाही त्या बेतानं रचल्या जातील. अशा इशाऱ्यांसाठी सर्वांत प्रसिद्ध असलेल्या ‘वीकऑराज’च्या कर्त्यांनी मिडनाइटसाठी आपण आवृत्ती काढणार नसल्याचं सांगितलं. एकवीस वर्षांचा हा हिशेब बघितला की टेस्लर यांचा नियम समोर घडताना दिसतो. गुंतागुंत कंपनीकडून खेळाडूंकडे गेली, तिथे वाढली, आणि आता परत येतेय.

याच्या अगदी उलट टोकाला आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ आहे, २००३ चा. अंतराळातली जहाजं, व्यापार, युद्धं. चित्रं पाहाल तर तेजोमेघांनी डोळे दिपतात. प्रत्यक्ष खेळणारा मात्र उजव्या बाजूच्या एका यादीकडे बघत असतो: समोरच्या जहाजाचं नाव, प्रकार, अंतर, वेग आणि कोनीय वेग. हा शेवटचा रकाना पाहून मी थक्क होतो. तोफेचा गोळा लागणार की नाही हे इथे निशाणा धरणाऱ्या हातावर नाही. शत्रू तुमच्याभोवती सेकंदाला किती कोनातून सरकतोय आणि तुमची तोफ किती वेगानं वळू शकते, या दोन आकड्यांच्या नात्यावर ते मुख्यतः ठरतं. म्हणून छोटं चपळ जहाज राक्षसी जहाजाच्या अगदी जवळ जाऊन घिरट्या घालत राहिलं तर वाचतं. हे डोळ्यांनी पाहून कळणारं नाही, रकाना वाचूनच कळतं. इथे आकडा हाच निसर्ग आहे.

२७ जानेवारी २०१४ रोजी या खेळात बी-आर५आरबी नावाच्या ग्रहमालेत जी लढाई पेटली, तिचं निमित्त होतं त्या भागाच्या ताब्याचं भाडं वेळेवर भरलं न जाणं. एका खिडकीतला राहून गेलेला व्यवहार. त्यावरून सुमारे एकवीस तास, साडेसात हजारांहून अधिक खेळाडू लढले आणि टायटन वर्गाची पंचाहत्तर महाकाय जहाजं नष्ट झाली. सर्व्हरवरचा भार पेलावा म्हणून खेळातला काळ दहा टक्क्यांवर आणला गेला. एक सेकंदाची गोष्ट घडायला दहा सेकंद लागत होते. तेव्हा बहुतेकांच्या स्क्रीनवर जहाजं नव्हतीच, होते लहान लहान चौकोन आणि नावांची लांबलचक यादी. या खेळाला एक्सेलचा तक्ता म्हणून चिडवलं जायचं. सीसीपीनं ते मनावर घेतलं आणि २०२२ साली मायक्रोसॉफ्टबरोबर खेळ थेट एक्सेलला जोडण्याची घोषणा केली. मला तो तक्ता सुंदर वाटतो. विमानाच्या कॉकपिटमध्ये, शेअर बाजारात, दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात माणसं अशाच आकड्यांमधून जग बघतात, आणि त्या आकड्यांमागे त्यांना थेट जग दिसतं.

दुसऱ्या टोकाचा, २०१२ चा ‘जर्नी’ हा काही पुरता रोल-प्लेइंग खेळ नव्हे, पण स्क्रीन रिकामा करण्याची परीक्षा त्याच्याइतकी कठोरपणे फार थोड्यांनी दिली आहे. जेनोव्हा चेन आणि त्यांच्या चमूनं त्यात पट्ट्या, आकडे, नकाशा, नाव काहीच ठेवलं नाही. वाळवंटात झगा घातलेली एक आकृती, दूरवर एक डोंगर. तुमच्या गळ्यात उपरणं असतं, आणि किती उडता येईल हे त्या उपरण्यावरच्या चमकत्या अक्षरांवरून कळतं. अक्षरं विझली की उडणं संपलं. वाटेत आणखी कोणी भेटतं, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला जिवंत माणूस. त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. दोघं जवळ आली, एकमेकांना टेकली की दोघांची उपरणी पुन्हा उजळतात. सोबती नजरेआड गेला तर तो ज्या बाजूला असेल त्या कडेवर मंद पांढरा उजेड दिसतो. शक्तीची पट्टी, नकाशा, सोबत्याची स्थिती हे सगळं इथेही आहे! फक्त ते कापडात, उजेडात आणि दुसऱ्याच्या स्पर्शात जाऊन बसलंय. पात्रांना नावंच नसल्यानं सोबती कोण, कुठल्या देशाचा, किती तरबेज, हे काहीच कळत नाही. सोबत्यांची नावं थेट शेवटी, श्रेयनामावलीनंतर दिसतात.

या दोन टोकांच्या मधलंही खूप आहे. ‘गिल्ड वॉर्स २’नं बटणं दहाच्या आसपास ठेवून नजर जमिनीवरच्या लाल वर्तुळांकडे वळवली. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ २०१४ साली नकाशाच्या चौकटीऐवजी फक्त वर एक होकायंत्र घेऊन आला, आणि खेळाडूंनी लगेच अ‍ॅड-ऑन लिहून नकाशा परत आणला. ‘फायनल फँटसी १४’ची २०१० ची पहिली आवृत्ती कोसळली त्यात तिच्या कासवगतीच्या मेन्यूंचा वाटा मोठा होता. नाओकी योशिदा यांनी २०१३ साली तो खेळ नव्यानं उभा केला, तेव्हा कंट्रोलरच्या दोन खटक्यांवर आठ-आठ अशी सोळा कामं बसवली. ताटात मीठ, लिंबू, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे ठरलेली असते, त्यामुळे जेवणाऱ्याचा हात न बघता तिथे जातो. योशिदांनी बोटांसाठी नेमकं तेच केलं, आणि स्क्रीनवर पन्नास चिन्हं असूनही नजर मोकळी राहिली.

या सगळ्याचा पूर्वज आहे १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी सुरू केलेला ‘मड’, निव्वळ मजकुराचा खेळ. जंगलही शब्द, तलवारही शब्द, जखमही शब्द. जग कुठे संपतं आणि इंटरफेस कुठे सुरू होतो, हे त्यात दाखवताच येत नाही. म्हणूनच त्याची वंशावळ आजही चालू आहे आणि दृष्टिहीन खेळाडू स्क्रीन मोठ्यानं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीनं ती आवडीनं खेळतात. ऐकताना मात्र सगळं एकापाठोपाठ एक येतं, नजर टाकून मधलं वगळता येत नाही. त्यामुळे अशा अनेक खेळांत वर्णन आवरतं घेण्याची आज्ञा असते. अनोळखी प्रदेशात शिरताना लोक पूर्ण वर्णन चालू ठेवतात, भिंतीवरच्या शेवाळापर्यंत. रोजच्या वाटेवर एक शब्द टाइप करून ते बंद करतात, मग फक्त जागेचं नाव आणि बाहेर पडायच्या वाटा ऐकू येतात. किती ऐकायचं हे इथे खेळणाराच ठरवतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये मात्र खेळाडूला आपला स्क्रीन खेळाच्याच आत हवा तसा मांडता यावा, यासाठी ऑक्टोबर २०२२ ची वाट पाहावी लागली. खेळ सुरू होऊन तेव्हा जवळजवळ अठरा वर्षं झाली होती.