आकाशातून पडले ते कुणाचे?

शनिवार, २ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची रात्र. नागपुरात गुढ्या उतरवून झाल्या होत्या, दुपारच्या गोडाधोडाची सुस्ती अजून पुरती गेली नव्हती, आणि दिवसभर तापलेल्या घरातून सुटका म्हणून माणसे गच्चीवर येऊन बसली होती. पावणेआठचा सुमार. एकाएकी आकाशात एक जळती रेघ उमटली. पाहता पाहता तिचे तुकडे झाले आणि ते वरातीतल्या बत्त्यांसारखे एकामागोमाग एक सरकत निघाले. कुणी म्हणाले उल्का, कुणी म्हणाले विमान पेटले. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी हा कसला शकुन, असेही एखाद्या आजीबाई पुटपुटल्या असतील.

नागपूरकरांनी देखावा पाहिला, मोबाईलवर टिपला आणि ते जेवायला खाली उतरले. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, धानाच्या आणि जंगलाच्या त्या मुलखात, लाडबोरी नावाच्या गावी हा देखावा थेट दारात उतरला. पाडव्याच्या गावजेवणाची तयारी चालली होती म्हणतात. मोठा आवाज झाला आणि गावातल्या मोकळ्या जागेत तापून लाल झालेले धातूचे एक कडे येऊन आदळले. व्यास सुमारे तीन मीटर, म्हणजे बैलगाडीच्या चाकाच्या दुप्पट. वजन चाळीस किलोंच्या वर. लोक घाबरून घरात शिरले. पुढे त्याच तालुक्यात पवनपार गावाजवळ सुमारे अर्ध्या मीटर व्यासाचा एक गोळाही सापडला.

पोलीस आले, सरकारी अधिकारी आले, इस्रोचे शास्त्रज्ञही येऊन पाहणी करून गेले. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेत बसून कक्षांचे गणित मांडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘चांग झेंग ३ ब’ या अग्निबाणाचा तिसरा टप्पा नेमका त्याच वेळी वातावरणात शिरायचा होता; हे तुकडे त्याचेच असावेत, असे त्याचे म्हणणे. म्हणजे चीनमधून निघालेला पाहुणा चौदा महिने पृथ्वीभोवती फिरून, आमंत्रण नसताना, ऐन सणाला लाडबोरीत उतरला होता!

आता प्रश्न असा की ते कडे कुणाचे?

तुम्ही म्हणाल, त्यात काय विचारायचे? ज्याच्या जागेत पडले त्याचे. आम्हा नागपूरकरांना तर हा न्याय लहानपणापासून पाठ आहे. संक्रांतीला ‘ओ काट!’ अशी आरोळी उठली की कटलेल्या पतंगावरचा मालकाचा हक्क संपला. तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. मालक दारात मागायला आला, तर पोरे त्याला हसतात.

अंतराळाचा कायदा मात्र याच्या अगदी उलट आहे. तिथे पतंग कितीही दूर कटून गेला तरी तो उडवणाऱ्याचाच राहतो.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला उपग्रह सोडला आणि पृथ्वीच्या डोक्यावर एक नवा, बिनमालकीचा मुलूख उघडला. तिथे उद्या कोण कुठे झेंडा रोवून बसेल, या काळजीने संयुक्त राष्ट्रसंघात खल सुरू झाला. त्यातून निघालेला अंतराळ करार १० ऑक्टोबर १९६७ रोजी अमलात आला. त्याचे सार घरगुती भाषेत असे: चंद्र असो वा मंगळ, कोणत्याही राष्ट्राने त्याचा सातबारा आपल्या नावावर करून घ्यायचा नाही. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अण्वस्त्रे ठेवायची नाहीत. अंतराळवीर कुठेही उतरला तरी त्याला मदत करायची. आणि वर सोडलेली वस्तू ज्याची होती त्याचीच राहील, मग ती अंतराळात असो की परतून जमिनीवर पडलेली असो.

१९६८ च्या करारात पुढचे कलम आले. अशी वस्तू आपल्या हद्दीत सापडली, तर ती सोडणाऱ्या राष्ट्राला आणि राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांना कळवावे. मालकाने मागितली तर परत करावी. खर्च मालकाने सोसावा. म्हणजे लाडबोरीचे कडे गावाचे नव्हे, जिल्ह्याचे नव्हे, भारत सरकारचेही नव्हे. ज्याने सोडले त्याचे.

हे ऐकून राग येणे साहजिक आहे. पण वाचकहो, मालकी तशीच जबाबदारीही! १९७२ च्या भरपाई करारात म्हटले आहे की, तुमच्या वस्तूने जमिनीवर कुणाचा जीव घेतला, कुणाला इजा केली किंवा मालमत्ता मोडली, तर भरपाई द्यावीच लागेल. ‘आमची चूक नव्हती’ ही सबब चालणार नाही. भारत आणि चीन दोघेही या करारात सामील आहेत.

या करारांची पहिली मोठी कसोटी दूरच्या देशात लागली. जानेवारी १९७८ मध्ये ‘कॉसमॉस ९५४’ हा रशियाचा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशात कोसळला. किरणोत्सर्गी तुकडे वेचायला कॅनडाला महिनोन् महिने लागले. त्याने सुमारे ६० लाख डॉलरचे बिल रशियाला पाठवले. घासाघीस होऊन १९८१ साली ३० लाखांवर तडजोड झाली. निम्मे तर निम्मे, पण मिळाले.

पुढच्याच वर्षी स्कायलॅबची पाळी आली. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना जुलै १९७९ चे ते दिवस आठवत असतील. अमेरिकेची ती सत्तर टनांहून जड प्रयोगशाळा कुठे पडणार हे कुणालाच सांगता येईना. महालातल्या आमच्या वाड्यात रेडिओभोवती सारे बिऱ्हाडकरू गोळा होत आणि आजीने तर देव पाण्यात घातले होते. शेवटी ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला पडली. तिथल्या एस्परन्स गावच्या पंचायतीने, रस्त्यात कचरा टाकल्याबद्दल, अमेरिकेच्या नासा संस्थेला चारशे डॉलर दंड ठोठावला! नासाने तो भरला नाही. तीस वर्षांनी, २००९ साली, एका अमेरिकन नभोवाणी निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून तो फेडला.

गोष्ट विनोदी खरी, पण तिच्यात मर्म आहे. लाडबोरीत सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, म्हणून भरपाईचा प्रश्न उठला नाही. समजा, ते कडे मंडपातल्या पंगतीवर पडले असते तर? गावकऱ्याने बीजिंगला अर्ज करून भागले नसते. करारानुसार दावा राष्ट्राने राष्ट्रावर करायचा, तोही एक वर्षाच्या आत. दोघांचे जमले नाही तर निवाड्यासाठी आयोग नेमायचा; पण त्याचा निर्णय बंधनकारक मानू असे दोन्ही पक्षांनी कबूल केले असेल तरच तो बांधतो, एरवी ती नुसती शिफारस. आणि त्याआधी तुकडा कुणाचा हे सिद्ध करायला हवे. सोडलेल्या वस्तूंची नोंद राष्ट्रसंघाकडे करावी असा १९७५ चा करार आहे खरा. पण जळक्या लोखंडावर नाव-पत्ता शोधणे सोपे नसते. कायदा आहे, पण तो मालकाच्या प्रामाणिकपणावर उभा आहे.

इथवर वाचून मनात येईल की, मोठी राष्ट्रे अशीच बेपर्वा असायची, आपण बिचारे! तसे समजण्याची मात्र आता सोय राहिलेली नाही.

जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात, ग्रीन हेडजवळच्या किनाऱ्यावर, माणसापेक्षा उंच असे पिंपासारखे एक धूड वाहून आले. चौकशीअंती ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने जाहीर केले की, हा भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. त्या किनाऱ्यावरच्या लोकांनी तेच विचारले असेल, जे लाडबोरीने विचारले: हे कुणाचे? आणि या वेळी उत्तर आपल्याकडे बोट दाखवीत होते.

अर्थात, समुद्रात पडलेला टप्पा वाहून येणे आणि तापलेले कडे गावात पडणे यांत फरक आहे. शिवाय आपण चांगला पायंडाही पाडला आहे. २०११ साली सोडलेला, सुमारे हजार किलोंचा ‘मेघा-ट्रॉपिक्स-१’ हा उपग्रह म्हातारा झाल्यावर इस्रोने त्याला वाऱ्यावर सोडले नाही. उरलेले इंधन वापरून ७ मार्च २०२३ रोजी तो प्रशांत महासागरावरच्या निर्मनुष्य भागात उतरवला. मुळात त्याची रचना अशा कामासाठी नव्हती, तरी ते साधले. २०३० पर्यंत कचरा मागे न ठेवणाऱ्या मोहिमा करण्याचा संकल्पही भारताने सोडला आहे.

पण आता अग्निबाण सरकारच सोडते असे नाही. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी एका खासगी भारतीय कंपनीचा पहिला अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाला. १९६७ च्या करारानुसार खासगी कंपनीच्या कृत्यालाही तिचे राष्ट्रच जबाबदार. म्हणजे कंपनीचा तुकडा परक्या गावात पडला, तर दार भारत सरकारचे वाजणार. पैसा तुमच्या-आमच्या करातला. २०२३ साली भारताचे अंतराळ धोरण जाहीर झाले हे चांगलेच. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने किती विमा उतरवावा, कुणाला किती भरून द्यावे, हे संसदेच्या कायद्यानेच पक्के होते.

दिवाळीत आपली मुले बाण उडवतात. बाटली नीट उभी आहे ना, तोंड शेजाऱ्याच्या गच्चीकडे नाही ना, तिथे कपडे वाळत नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय कोणतेही शहाणे वडीलधारे वात पेटवू देत नाहीत. आणि काडी पलीकडे पडलीच, तर पोराचा कान धरून त्याला शेजारी पाठवतात: ‘जा, सांग, आमचा होता म्हणून.’ लाडबोरीला कुणीतरी येऊन एवढेच सांगायला हवे होते. उद्या आपला बाण कुणाच्या दारात पडला, तर तिथे जाऊन हे सांगण्याची तयारी आपण आजच करून ठेवू या.