रात्री आकाश काळे का दिसते?

विद्यार्थी मित्रहो, 'रात्री अंधार का पडतो?' असा प्रश्न परीक्षेत आला, तर तुम्ही लिहाल, 'पृथ्वी स्वतःभोवती फिरते. आपली बाजू सूर्यापासून वळली, की आपल्याकडे रात्र होते.' शिक्षक या उत्तराला पूर्ण गुण देतील. तरीही ते उत्तर अर्धेच आहे. सूर्य मावळला म्हणजे एक तारा दृष्टिआड झाला. बाकीचे असंख्य तारे आकाशात आहेतच. त्या सर्वांचा मिळून प्रकाश रात्र उजळायला का पुरत नाही?

'ते फार दूर आहेत म्हणून,' असे तुम्ही चटकन म्हणाल. या उत्तराचीच आपण आता परीक्षा घेऊ.

कवचांचा हिशेब

तीन गोष्टी गृहीत धरू. पहिली, विश्व अमर्याद आहे. दुसरी, त्यात तारे सर्वत्र सारख्याच दाटीने विखुरलेले आहेत. तिसरी, हे तारे अनादि काळापासून असेच तळपत आहेत.

आता पृथ्वी मध्यभागी आहे आणि तिच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी, सारख्या जाडीची कवचे आहेत, अशी कल्पना करा. एक कवच घ्या आणि त्याच्या दुप्पट अंतरावरचे दुसरे घ्या. अंतर दुप्पट झाले, की ताऱ्याचा प्रकाश चौथा हिस्सा उरतो, हे तुम्ही शिकलाच आहात. पण दुसऱ्या कवचाचे क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट आहे, म्हणून त्यात तारेही चौपट. एकीकडे चौथा हिस्सा, दुसरीकडे चौपट. म्हणजे दोन्ही कवचांकडून आपल्याला सारखाच प्रकाश मिळतो. तिसऱ्याकडूनही तितकाच, हजाराव्याकडूनही तितकाच! आणि कवचांना तर अंतच नाही.

अर्थात जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांना झाकतील, म्हणून एकूण प्रकाश अनंत होणार नाही. पण घनदाट जंगलात उभे राहून पाहा. कोणत्याही दिशेला नजर टाकली, तरी ती शेवटी कोणत्या ना कोणत्या झाडाच्या बुंध्यावर आदळते. तसेच आकाशात कोठेही पाहिले, तरी नजर एखाद्या ताऱ्यावर थांबली पाहिजे. सूर्याचे बिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचे दिसते. आपल्याला दिसणारे अर्धे आकाश झाकायला अशी सुमारे ९० हजार बिंबे लागतील. म्हणजे रात्रंदिवस सारे आकाश ९० हजार सूर्यांनी पेटलेले दिसायला हवे. अशा पृथ्वीवर हा प्रश्न विचारायला कोणी उरलेही नसते.

'ते फार दूर आहेत' हे उत्तर असे नापास झाले.

धूळ आड येते का?

हा पेच जुना आहे. १६१० मध्ये केपलरने त्यावरून असा निष्कर्ष काढला, की विश्व अमर्याद असूच शकत नाही. १७४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या द शेझो याने त्याचे गणित मांडले. पुढे १८२३ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन शहरचे डॉक्टर हाइनरिख ओल्बर्स यांनी त्यावर लेख लिहिला. पॅलास आणि व्हेस्टा हे लघुग्रह शोधणारे ते हेच. आज हा प्रश्न 'ओल्बर्सचा विरोधाभास' म्हणून ओळखला जातो.

द शेझो आणि ओल्बर्स या दोघांनाही वाटले, की ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत काही विरळ द्रव्य असावे व ते दूरचा प्रकाश शोषून घेत असावे. आपल्या आकाशगंगेत धूळ आहे हे खरे. आकाशगंगेच्या पट्ट्यात दिसणारे काळे डाग या धुळीचेच. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. शोषलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. तिने धूळ तापत जाते आणि अनादि काळ तापत राहिलेली धूळ शेवटी ताऱ्यांइतकीच प्रखर होऊन स्वतः प्रकाश देऊ लागते. पेटत्या भट्टीत लोखंडाचा तुकडा टाकून तो तांबडालाल होईपर्यंत ठेवला, तर निखाऱ्यांत तो वेगळा ओळखता येत नाही. धुळीचे तसेच होईल.

चूक कोणत्या गृहीतात?

हिशेब बरोबर आहे आणि उत्तर चुकते आहे. अशा वेळी गृहीते तपासावी लागतात. आपल्या तिसऱ्या गृहीताकडे पाहा: तारे अनादि काळापासून तळपत आहेत.

प्रकाशाला एका जागेहून दुसऱ्या जागी जायला वेळ लागतो, हे १६७६ मध्ये रोमर याने गुरूच्या एका उपग्रहाच्या ग्रहणांवरून ओळखले. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. वर्षभरात तो जेवढे अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष. जर तारे काही ठराविक काळापूर्वीच निर्माण झाले असतील, तर फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अजून वाटेतच असेल. १८४८ मध्ये हा विचार एका साहित्यिकाने मांडला, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. रहस्यकथांसाठी प्रसिद्ध असलेला अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने 'युरेका' या पुस्तकात तो सुचवला होता. १९०१ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी याच दिशेने प्रत्यक्ष आकडेमोड केली.

तशी ढोबळ आकडेमोड आपणही करू. एक प्रकाशवर्ष लांब व तेवढीच रुंद अशी खिडकी कल्पा. सूर्याएवढ्या बिंबांनी ती झाकायची, तर सुमारे ६० लाख कोटी बिंबे लागतील. सूर्याच्या परिसरात १,००० घन प्रकाशवर्षांत सरासरी ४ तारे आहेत, म्हणजे एका ताऱ्यामागे २५० घन प्रकाशवर्षे जागा. तेव्हा खिडकीतून पाहणाऱ्याला इतके तारे मिळवायला किती खोल पाहावे लागेल? गुणाकार करा. उत्तर येते १५ वर १५ शून्ये इतकी प्रकाशवर्षे! त्यातही बहुतेक तारे सूर्याहून लहान आहेत आणि दीर्घिकांच्या मध्ये अफाट मोकळी जागा आहे. म्हणून खरे अंतर याहूनही पुष्कळ मोठे आहे.

आता दुसरा आकडा पाहा. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे प्रकाशाला प्रवासासाठी जेवढा वेळ मिळाला, त्याच्या निदान दहा लाख पट वेळ आकाश भरून जायला हवा होता. तेवढा वेळ थांबलो तर आकाश उजळेल का? तेही नाही. सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन सुमारे १,००० कोटी वर्षांत संपते. दूरचे दिवे दिसू लागण्याआधीच जवळचे विझलेले असतील.

थोडक्यात, आपण जंगलात आहोत, पण ते फार विरळ आहे आणि आपल्याला त्याचा थोडाच भाग दिसतो. झाडांच्या फटींतून पलीकडचा काळोख दिसतो.

प्रसरणाचा वाटा

१९२९ मध्ये एडविन हबल यांनी दाखवले, की दीर्घिका जितक्या दूर, तितक्या अधिक वेगाने त्या आपल्यापासून दूर जात आहेत. विश्व प्रसरण पावते आहे. त्यामुळे दूरच्या प्रकाशाच्या लहरी ताणल्या जातात, तांबड्या टोकाकडे सरकतात आणि त्यांची ऊर्जा घटते. यानेही आकाश मंदावते; मात्र ताऱ्यांच्या प्रकाशापुरते बोलायचे तर यातला मोठा वाटा विश्वाच्या मर्यादित वयाचा आहे.

विश्वाला आरंभच नाही, असे मानणाराही एक सिद्धान्त होता. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी तो मांडला. त्याला स्थिर-स्थिती सिद्धान्त म्हणतात. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी हॉईल यांच्याबरोबर त्यावर पुष्कळ काम केले. या सिद्धान्तात रात्र काळी असण्याचे सारे श्रेय प्रसरणाला द्यावे लागते आणि गणित जुळतेही. म्हणजे नुसत्या काळ्या रात्रीवरून दोन सिद्धान्तांचा निवाडा होत नव्हता. त्यासाठी दुसरा पुरावा हवा होता.

आकाश खरोखर काळे आहे का?

तो पुरावा १९६४ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे मिळाला. पेन्झियास व विल्सन हे दोघे एका मोठ्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर काम करीत होते. सुमारे ७ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर त्यांना एक बारीक खरखर सतत ऐकू येई. दिवसा, रात्री, कोणत्याही दिशेला ती सारखीच. अँटेनात कबुतरांनी घरटे केले होते. ते काढून, घाण पुसूनही खरखर थांबेना. अखेर उलगडा झाला, की ती साऱ्या आकाशातून येत होती. या शोधाबद्दल त्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. ताऱ्यांच्या फटींतून पुरेसे दूर पाहिले, की आपली नजर तारे जन्मण्यापूर्वीच्या काळात पोचते. आरंभानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सारे विश्व ३,००० केल्व्हिन तापमानाच्या तळपत्या वायूने भरलेले होते. त्याआधीचा वायू अपारदर्शक होता. म्हणून कोणत्याही दिशेला पाहा, नजर शेवटी या तळपत्या भिंतीवरच आदळते! मग ती दिसत का नाही? कारण तेव्हापासून विश्व सुमारे १,१०० पट ताणले गेले. त्या प्रकाशाच्या लहरी ताणल्या जाऊन सूक्ष्मतरंग झाल्या आणि त्यांचे तापमान केवल शून्यापेक्षा फक्त २.७ अंशांनी अधिक उरले. आपल्या डोळ्यांना या लहरी दिसत नाहीत, पण तुमच्यासमोरच्या प्रत्येक घनसेंटिमीटर जागेत या प्राचीन प्रकाशाचे सुमारे ४०० फोटॉन या क्षणीही आहेत.

स्थिर-स्थिती सिद्धान्ताला याचा सहज उलगडा करता येईना. हॉईल, बर्बिज व नारळीकर यांनी १९९३ मध्ये त्याचे सुधारित रूप मांडले, तरी बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल आरंभ असलेल्या विश्वाच्या बाजूने गेला.

तेव्हा आपल्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. ताऱ्यांच्या प्रकाशाने आकाश भरत नाही, कारण विश्वाचे वय व ताऱ्यांचे आयुष्य त्याला अपुरे पडते. आणि आरंभीच्या झळाळीने आकाश भरलेले आहे, पण प्रसरणामुळे ती आपल्या डोळ्यांच्या कक्षेबाहेर गेली आहे.

करून पाहा

सारख्या आकाराचे दहा पारदर्शक कागद घ्या. प्रत्येकावर काळ्या कागदाच्या सारख्या टिकल्या, मनाला येईल तशा विखरून, इतक्या चिकटवा की कागदाचा एक दशांश भाग झाकला जाईल. आता एकेक कागद दुसऱ्यावर ठेवत उजेडाकडे धरून पाहा. एक दशांश गुणिले दहा म्हणजे पूर्ण एक, तेव्हा दहा कागदांत सारे काही झाकले जायला हवे. प्रत्यक्षात जवळजवळ एक तृतीयांश भाग मोकळाच राहतो. असे का होते, याचा विचार करा, वर्गात चर्चा करा आणि मग वरच्या खिडकीच्या हिशेबात आपण कोणती गोष्ट सोयीसाठी सोडून दिली होती, ते शोधून काढा.