पाण्यावाचून शिजणारी पोपटी

भात कापून झाले की अलिबाग, पेण, रोहे भागातला शेतकरी त्याच शेतात वाल टाकतो. पाणी द्यावे लागत नाही, जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक येते. जानेवारीच्या सुमारास शेंगा भरतात, आणि थंडीच्या संध्याकाळी शेतात पोपटी लागते. याच दिवसांत पडीक जागी, बांधावर भांबुर्डा नावाचे तण माजलेले असते. सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती, शास्त्रीय नाव ब्लुमिया लॅसेरा.

मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, हवे तर बटाटे, अंडी. शेवटी तोंडात पुन्हा पाला गच्च दाबायचा. मडके पालथे ठेवून भोवती पेंढा, काटक्या, पालापाचोळा रचून पेटवायचा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात. ते चुर्र होऊन उडाले की पोपटी झाली!

पाणी थेंबभरही घातलेले नसते. शेंगा आणि पाला यांच्यातल्या पाण्याचीच वाफ होते. पण मडके पालथे का? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. पाण्याचा रेणुभार 18, हवेचा सरासरी 29. म्हणजे वाफ हवेपेक्षा हलकी. ती वर चढते, आणि पालथ्या मडक्यात वर असतो तळ! तिथे ती कोंडते व हवेला पाल्याच्या बोळ्यातून खाली ढकलते. सरळ मडक्यात ती तोंडाकडे जाऊन निसटली असती. शिवाय बोळा जमिनीला टेकलेला असल्याने जाळापासून वाचतो. आत ओल आहे तोवर शेंगांचे तापमान 100 अंशांपलीकडे फारसे जात नाही. ती संपली की करपणे सुरू.

भांबुर्ड्याचे पान चुरगळले तर कापरासारखा उग्र वास येतो. असली सुगंधी द्रव्ये एकेकटी बऱ्याच वरच्या तापमानाला उकळतात (कापूर 204 अंशांना), पण वाफेबरोबर 100 अंशांच्या आतच बाहेर पडतात. निलगिरीचे तेल काढतात ते याच तत्त्वावर.

भांबुर्ड्यामुळे वाल बाधत नाहीत, पोटात वारा धरत नाही, असे सांगतात. मला शंका आहे. वारा धरतो तो मुख्यतः रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करांमुळे. त्या आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. या शर्करा दाणा पक्व होऊन वाळताना साठतात. पोपटीतला दाणा कोवळा असतो. दाण्याचे श्रेय पाल्याला मिळत असावे!

चवीचा दावा मात्र तपासता येतो. एकाच शेतातल्या शेंगा दोन सारख्या मडक्यांत घ्या, एकात भांबुर्डा, दुसऱ्यात केळीची पाने. कोणत्या मडक्यातली शेंग हे न सांगता, डोळे बांधून मुलांना चाखायला द्या आणि उत्तरे लिहून ठेवा. मग हाच प्रयोग नाक चिमटीत धरून करा. जाळ मोठ्यांनीच सांभाळावा.

पाला दरवर्षी पोपटी लावणाऱ्या माणसाकडून ओळखून घ्यावा. तणनाशक फवारलेल्या बांधावरचा नको. रोप मुळासकट उपटू नये, शेंडे खुडावेत. वनस्पती वर्षायू आहे, तेव्हा काही रोपे फुलून बी पडेपर्यंत तशीच ठेवावीत.