सोलर स्वस्त, मग बिल का नाही?

रविवारी जेवताना बाबांशी वाजलं. मी म्हटलं, "सोलर आता स्वस्तय." ते म्हणाले, "मग माझं बिल का वाढतंय?"

खरं सांगू? आम्ही दोघंही बरोबर होतो.

२०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला सोलर पार्कच्या लिलावात दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. पण हा दर प्रकल्पाच्या दारातला, तोही ऊन असतानाचा. आपण दिवे, टीव्ही, एसी लावतो रात्री. तेव्हा सोलर शून्य! मग कोळसा, धरणाचं पाणी नाहीतर बॅटरी. वर तारांचा, वहनाचा खर्च.

आमच्या कामातही असंच असतं. सर्व्हर सरासरी गर्दी बघून घेत नाहीत, सगळ्यात जास्त गर्दीच्या वेळेसाठी घेतात.

म्हणून "सोलर स्वस्त की महाग?" यावर भांडण्याआधी विचारा, "किती वाजताची वीज?"

बाबांना एवढं पटलं. पण मीही एक ऐकवलंच: कोळशाच्या धुराचा खर्च वीजबिलावर छापत नाहीत, तो आपण दवाखान्यात भरतो. बाबा गप्प. मग म्हणाले, "बॅटरीचा हिशोब दाखव."

तो पुढच्या भागात. तुमच्या घरी कोण भांडतं, नक्की कळवा!